दुसऱ्या बाजूची तिसरी

आमच्या घरात एका धुनेला नाव नव्हतं, नंबर होता. कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला तिसरी, म्हणून ‘तिसरी’. कोणी म्हणालं, “तिसरी लाव,” की मी पट्टी पुढे पळवायचो, थांबवायचो, जराशी मागे आणायचो आणि बरोबर सुरुवातीला सोडायचो. घरात हे काम फक्त मलाच जमायचं. संगीतातली माझी कामगिरी तेवढीच, पण तिच्या जोरावर मी पुढची तीसेक वर्षं स्वतःला जाणकार समजत आलो.

तिसरीला शब्द नव्हते. धुळ्याच्या कोणा एकाने कीबोर्ड आणि ढोल वाजवणारं छोटं मशीन घेऊन लग्नात नाचायला केलेली ती धून होती. वर पिपाणीसारखा घसरत जाणारा आवाज आणि खाली ढोल. कॅसेटच्या कागदावर त्या माणसाचा फोटो होता, गॉगल लावलेला, मागे रंगवलेला धबधबा. आमचं गाव शिंदखेड्याकडचं. आम्ही त्याला नुसतं ‘धुळ्यावाला’ म्हणायचो आणि तो सुखात असावा असं धरून चालायचो.

आता मी पन्नाशी ओलांडली आहे. राहतो जळगावला, एमआयडीसीतल्या एका चटईच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. प्लॅस्टिकच्या चटया विणणाऱ्या मागांमध्ये दिवसभर उभं राहिल्यावर घरी आलो तरी माझा आवाज खाली येत नाही. बायकोचं म्हणणं, तुमचे कान गेलेत. मी तिला सांगतो, कान माझे नाही, अक्काचे गेलेत. हे मात्र खरं आहे.

अक्का म्हणजे माझी मोठी बहीण. धुळ्याला असते. दाजी एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त आहेत. एवढी वर्षं शहरात काढूनही अक्का आमच्याशी अहिराणीतच बोलते आणि समोरच्यानेही तसंच बोलावं अशी तिची अपेक्षा असते. मागच्या दोन-तीन वर्षांत तिचं ऐकणं कमी झालं. डॉक्टरांनी दोन्ही कानांना मशीन दिलं. बोलणं कळतं त्याने, पण गाणं-वाजवणं सुरू झालं की तिचा चेहरा बदलतो. आणि अक्काच्या बाबतीत वाजवणं ही काही बाजूची गोष्ट नव्हे.

श्रावणात आमच्याकडे, खानदेशात, कानबाई देवी बसते. रविवारी नारळाला डोळे, नथ लावून, साडी नेसवून तिला चौरंगावर बसवायचं, आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर न्यायचं. त्या दिवशीचे नैवेद्याचे रोट भाऊबंदांनीच खायचे. जगात कुठेही असलेला भाऊ त्यासाठी गावी येतो. पण आमच्या घरात लग्न झालेल्या लेकीला त्या रोटातला तुकडाही नाही. ती दुसऱ्या कुळाची झाली. म्हणून अक्का दरवर्षी आल्या आल्या दारातच जाहीर करायची, “मी काय खावाले येत नही. मी नाचाले येस.” आणि नाचायची. घरची सून कानबाई डोक्यावर घेऊन निघायची, तिच्या पुढे सगळ्या लेकी, आणि लेकींच्या पुढे अक्का. कॅसेटच्या काळात तिसरीवर, नंतर जे वाजेल त्यावर.

मागच्या वर्षी भाऊबंदांनी मोठा डीजे सांगितला. अक्का चार पावलं नाचली, कानावर हात ठेवून उभी राहिली, मग मागे फिरून घराच्या ओट्यावर जाऊन बसली. आम्ही नदीवरून आलो तोवर ती आणि दाजी धुळ्याला निघून गेलेले. जेवायलाही थांबली नाही.

या उन्हाळ्यात दोघं सोनं बघायला जळगावला आले, तेव्हा दुपारी आमच्याकडे जेवायला होते. शेवभाजी झाली, भात झाला. मी सहज म्हणालो, “यंदा कानबाईला एक दिवस आधीच या.”

“यंदा मी नही येत,” अक्का म्हणाली.

“असं काय करता अक्का,” बायको म्हणाली.

“येईसन काय करू? मशीन लायं का भांडा पडतस. काढं का काहीच नही. बठ्ठा नाचतीन अनी मी ओटावर बसू?”

मशीन लावलं की वाजवणं तिला भांडी पडल्यासारखं लागायचं, काढलं की काहीच नाही. दाजींनी डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. उंच आवाज गेलेत, खालचे मात्र अजून शाबूत आहेत.

“खालचा म्हंजे यास्नं घोरणं,” अक्का म्हणाली. “तेवढं बरोबर ऐकाले येस.”

आम्ही हसलो. ती नाही हसली. ताटातला भात एका बाजूला करत म्हणाली, “ती तिसरी वाजती ना, तर मी येती बी. तिना ढोल पायमा लागे.”

तिचा ढोल पायात लागायचा. हे ऐकल्यावर माझ्यातला जाणकार जागा झाला. “मी करतो तयार,” मी म्हणालो. बायकोने माझ्याकडे पाहिलं. कूलर मी घरीच दुरुस्त करतो म्हणालो होतो, तेव्हा असंच पाहिलं होतं तिने.

आता तिसरी तयार करायची का, तर ती शिल्लकच नव्हती. कॅसेट चुलतभावाने एका वर्षी ज्वारीवर पाखरं बसू नयेत म्हणून सोडवून शेतभर ताणली होती. तेव्हा सगळेच करायचे. उन्हात ती पट्टी चमकायची, वाऱ्यावर भुर्र वाजायची. नेटवर शोधलं तर कोणा भल्या माणसाने ती धून चढवलेली सापडली, पण मच्छर गुणगुणल्यासारखी. अक्काच्या फोनवर पाठवली. दाजींचं उत्तर आलं: एक घंटी.

हे दाजींचं वेगळं खातं आहे. एसटीत एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. निवृत्त झाल्यापासून ते जगातल्या सगळ्या प्रश्नांना याच दोन उत्तरांत बसवतात. फोनमध्ये घंटीचं चित्र असतं हे त्यांना कळलं, तेव्हापासून तर लिहिणंच बंद झालं.

मी ठरवलं, नेटवरचं राहू द्या. मूळ आवाज आठवणीतून नव्याने घडवायचे, मग धून वाजवायची. मुलीचा जुना लॅपटॉप होता. भाच्याचा हौस फिटलेला कीबोर्ड कपाटावर होता, त्याच्या दोन पट्ट्या मेलेल्या. सॉफ्टवेअर फुकटातलं. शिकवणारे व्हिडिओवर भरपूर, सगळे माझ्या मुलीच्या वयाचे आणि सगळे घाईत.

एवढं मात्र शिकलो. या मशीनमधला आवाज आयता मिळत नाही, तो कच्च्या मालातून काढावा लागतो. आधी एक साधी लहर घ्यायची. गोल, चौकोनी किंवा करवतीच्या दात्यांसारखी. मग तिला गाळणी लावायची, म्हणजे नको ती धार गळून जाते. मग ठरवायचं, आवाज एकदम उठेल की सावकाश, किती वेळ टिकेल, शेपूट किती लांब. मी आधी करवतीची लहर घेतली. आमच्या कारखान्यात चटईच्या कडा कापतात तो आवाज आला. दिवसभर ऐकलेलं पुन्हा घरी कशाला, म्हणून चौकोनी घेतली आणि तिची रुंदी कमी करत नेली. एका जागी ती नाकातून बोलू लागली. पिपाणी. मी बायकोला हाक मारली.

“कोण आलंय?” ती म्हणाली.

“कोणी नाही. ऐक.”

तिने ऐकलं. “वरातीत घोड्याच्या पुढे असतो तोच ना?”

मला तेवढं पुरे होतं. पुढे त्या आवाजाला एका सुरावरून दुसऱ्यावर घसरायला शिकवलं. तरी काहीतरी खटकत होतं. मच्छरवाल्या धुनेशी जुळवून पाहिलं तेव्हा कळलं, धुळ्यावाल्याची पिपाणी ढोलाच्या मानाने नेहमी केसभर चढी. कॅसेट जोरात पळत असेल म्हणावं तर तसं नव्हतं, मग ढोलही चढला असता. का ते कळेना, पण मीही माझी पिपाणी केसभर चढवली आणि एकदम तो गॉगलवाला माणूस खोलीत आल्यासारखं झालं. उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा सुरू झाल्या तोवर माझी पिपाणी तयार होती. मी कारखान्यातसुद्धा तीच गुणगुणायचो, मागांच्या खटखटीत कोणाला ऐकू जात नाही म्हणून.

ढोल मात्र येईना.

तोंडी सांगायला सोपं आहे. गोल लहर घ्यायची आणि तिला वरून खाली पटकन पाडायची. सुरुवातीला ‘टक’, मग ‘धुम्म’. ट्रकवरून गव्हाचं पोतं पडतं तसं. तसा ढोल मी दोन मिनिटांत केला. पण तिसरीच्या ढोलाला ‘धुम्म’च्या पुढेही काहीतरी होतं. मारल्यावर शेजारच्या खोलीतून कोणीतरी दबक्या आवाजात ‘हूं’ म्हणायचं. तो हुंकार माझ्या कानात पक्का होता. लॅपटॉपमध्ये मात्र कुठलीही गाळणी लावा, कितीही शेपूट वाढवा, माझा ढोल गप्प. मग मी घरातल्या वस्तू वाजवून त्यांचे आवाज त्यात मिसळू लागलो. लोखंडी ट्रंक. पाण्याची टाकी. चटयांचे गठ्ठे. एकदा स्वयंपाकघरात होतो.

“पिठाच्या डब्याला सोडा,” बायको म्हणाली. “त्यात पीठ आहे.”

“रिकामा कर ना थोडा वेळ.”

“रिकामा मी महिनाअखेरीला करते. तेव्हा या.”

प्रत्येक नवा ढोल मी धुळ्याला पाठवायचो. एक घंटी. एक घंटी. मग मलाच उशिरा सुचलं की फोनच्या नखाएवढ्या स्पीकरमधून खालचा आवाज निघतच नाही, ती बिचारी ऐकणार काय. म्हणून एका रविवारी एका मित्राचा मोठा बॉक्स गाडीत टाकून पारोळ्यावरून धुळ्याला गेलो. अक्काच्या हॉलमध्ये मांडला. सोफा हलेपर्यंत वाजवला. खालच्या मजल्यावरचा भाडेकरू वर येऊन सगळं ठीक आहे का विचारून गेला.

अक्का चप्पल काढून फरशीवर उभी होती. दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी अक्काकडे.

“आवाज शे,” ती म्हणाली. “पन हाई तिसरी नही.”

“काबर नही? पिपानी तीच शे.”

“पिपानी माले काय माहीत? मी ढोलनं सांगस.” आणि आत चहा करायला गेली. जाता जाता म्हणाली, “ऱ्हाऊ दे भाऊ. नको एवढा जीव काढू. मी नही उनी तर कानबाई काय थांबाव शे?”

ती रागाने म्हणाली असती तर मी भांडलो असतो. ती समजुतीने म्हणाली. माझ्यापुढे बंद केलेला बॉक्स, आणि श्रावण लागायला आलेला.

दाजी म्हणाले, “एक काम करू. ज्याने केली, त्यालाच विचारू.”

“तो कुठे सापडायचा आता?”

“सापडायचा काय, तो आपल्या रिक्षा स्टॉपच्या मागच्या गल्लीत बसतो. लायटिंगचं दुकान आहे. माझ्या गाडीला कितीदा होता. मागच्या सीटवर बसून मांडीवर ताल धरायचा, तिकीट मात्र विसरायचा.”

एवढे महिने दाजींना हे माहीत होतं. आधी का नाही सांगितलं म्हणून विचारलं तर म्हणाले, “तू विचारलंस का?” अक्काही निघाली. घरी बसून काय करायचं म्हणाली.

धुळ्यावाला साठीचा निघाला, गॉगल नव्हता, चष्मा होता. त्यांच्या घरी पत्र्याच्या पेट्या बनवायचा पिढ्यांचा धंदा. हाच एक वाजवण्याच्या नादाला लागला आणि अजून लागलेला होता. पुढे लग्नाच्या माळा, झुंबरं, आणि मागच्या खोलीत कीबोर्ड, लॅपटॉप, भिंतीवर दोन स्पीकर. अजूनही लोकांच्या लग्नांसाठी धुना करून देतो. मी माझी ओळख ‘तुमचा जुना चाहता’ अशी करून दिली. त्याने ती सहज स्वीकारली. माझी तिसरी त्याने कानाला हेडफोन लावून, डोळे मिटून ऐकली. मग हसायला लागला.

“दादा, ही पिपाणी तर माझीच आहे. कुठून काढली?”

“तयार केली.”

“आणि चढी का ठेवली?”

“तुमची चढी होती.”

“अरे, ते चाक मोडलेलं होतं. सूर वर-खाली करायचं चाक असतं ना कीबोर्डला, त्याची स्प्रिंग गेली होती. सोडलं तरी जागेवर येईना. पैसे कुठे होते दुरुस्तीला, तसंच वाजवलं.” तो दाजींकडे वळला. “लोक चांगलं बघून उचलतात. यांनी मोडकं उचललं.”

मला ते बक्षीस वाटलं. आता ढोलाचंही असंच काही ऐकायला मिळेल म्हणून मी पुढे सरकलो. तर तो म्हणाला, “पण हा ढोल कोणाचा आहे? माझा नाही.”

“तुमचाच. फक्त तुमच्यासारखा हुंकार येत नाहीये.”

“कुठला हुंकार?”

त्याने लॅपटॉपमधून जुनी मूळ धून काढली आणि भिंतीवरच्या स्पीकरवर लावली. पिपाणी तीच. ढोल मात्र टप, टप, टप. पुठ्ठ्याच्या खोक्यावर टिचकी मारल्यासारखा.

“हा माझा ढोल. सुरतहून मशीन आणलं होतं, त्यात ढोल म्हणून एवढाच होता. मला तर पहिल्यापासून आवडला नाही.”

मी त्याला त्याचीच धून समजावून सांगू लागलो. की नाही, असा कोरडा नव्हता, धुम्म होता, मागून हूं यायचं, आमच्या अख्ख्या गल्लीने ऐकलंय. तो ऐकून घेत होता. दुकानात माळा घ्यायला आलेलं एक गिऱ्हाईकही थांबून ऐकू लागलं. दाजी छताकडे बघत होते. बहुतेक त्यांना घंटी मारायची होती.

अक्काला आमच्या बोलण्यातलं किती कळत होतं कोण जाणे. ती भिंतीवरच्या स्पीकरकडे पाहत होती. आधी वर पाहिलं, मग खाली जमिनीवर, मग कोपऱ्यात. आणि मला विचारलं, “यास्ना रांजन कोठे शे?”

“कोनता रांजन?”

“स्पीकर ठेवाना.”

धुळ्यावाला म्हणाला, “अक्का काय म्हणताहेत?”

मग मला तो दिसला. आमच्या ओट्याच्या कोपऱ्यात कमरेएवढा मातीचा रांजण, त्याच्या तोंडावर आईच्या जुन्या लुगड्याची चुंबळ, आणि चुंबळीवर उपडा ठेवलेला स्पीकर. नानांनीच, म्हणजे आमच्या वडिलांनी, बसवला होता तो. खोक्याला लाकूड कोण आणणार, म्हणून. गल्लीत ज्याच्याकडे टेप होता त्याच्याकडे रांजण होता, नाहीतर मोठा माठ. तेव्हा आम्हाला ते काही विशेष वाटलंच नाही. टेप म्हणजे रांजण आलाच. पिपाणीच्या केसभर चढेपणाचा मी शोध लावला होता, आणि ज्या रांजणाला टेकून मी लहानपणी अभ्यास केला तो माझ्या हिशेबात आलाच नव्हता.

“तुले माहीत होतं ते सांगं काबर नही?” मी अक्काला विचारलं.

“मी म्हनू, भाऊ एवढा शिकेल शे, त्यानी रांजनवरच ठेयं व्हई,” अक्का म्हणाली. “तू बॉक्स लई उना. मी म्हनू, नवीन पद्धत व्हई.”

धुळ्यावाल्याला सगळं सांगितल्यावर तो बराच वेळ मान हलवत राहिला. त्याने समजावलं ते असं: प्रत्येक भांड्याचा आपला एक सूर असतो. त्याचा कोरडा ढोल नेमका आमच्या रांजणाच्या सुराजवळ पडला असणार, म्हणून तेवढ्या एका धुनेला रांजण बोलायचा आणि बाकीच्यांना नाही. “म्हणजे तुमची तिसरी मी केलीच नाही,” तो म्हणाला. “अर्धी तुमच्या कुंभाराने केली.” यात त्याला वाईट वाटलेलं दिसलं नाही. उलट मूळ धून त्याने मला अशी करून दिली की पिपाणी वेगळी आणि ढोल वेगळा. मी त्याला सांगितलं, पिपाणी माझीच ठेवतो. तो म्हणाला, ठेवा.

आमचा जुना रांजण नानांच्या मागे कधीतरी फुटला होता. आता कुंभाराकडे नळ लावलेले माठ मिळतात, रांजण नाही. शेवटी गावी चुलतभावाच्या गोठ्यात एक निघाला. त्यात म्हशींची सरकी भरलेली.

“मंग सरकी कोठे भरू?” त्याने विचारलं. रास्त प्रश्न होता. कारखान्यातून झाकणाचं पिंप आणून दिलं, तेव्हा रांजण सुटला. चुंबळ बायकोने करून दिली, माझ्या लुंगीची. लुंगी अजून चालली असती, पण मी बोललो नाही.

कानबाईच्या आदल्या दिवशी ओट्यावर रांजण मांडला, स्पीकर उपडा ठेवला, लॅपटॉप जोडला. धुळ्यावाल्याचा कोरडा ढोल लावला. टप, टप. रांजण गप्पच. हा रांजण आमच्या जुन्या रांजणापेक्षा मोठा होता, त्याचा सूर खाली असणार. मी ढोलाचा सूर एकेक पायरी उतरवत गेलो. टप. टप. टप. चुलतभाऊ समोर बसून तंबाखू मळत होता. “काय करी ऱ्हायना तू?” म्हणाला. मी म्हणालो, थांब. आणखी एक पायरी उतरवली आणि रांजण म्हणाला, हूं.

चुलतभावाचा हात तंबाखूवरच थांबला. “हाई तर आपली तिसरी शे,” तो म्हणाला.

म्हणजे ढोलावर घातलेली माझी सगळी मेहनत बाद झाली. ढोल धुळ्यावाल्याचा, हुंकार रांजणाचा. माझी म्हणून उरली ती फक्त पिपाणी. हरकत नव्हती. ती चांगली झाली होती.

सोमवारी सकाळी दाजींची गाडी आली. अक्का उतरली आणि म्हणाली, “मी फक्त देखाले उनू.” ओट्यावर जाऊन बसली. माझी बायको कानबाई डोक्यावर घेऊन निघाली. यंदा मान आमच्याकडे होता. पुढे लेकी उभ्या राहिल्या. रांजण लोटगाडीवर चारी बाजूंनी गोणपाट कोंबून बसवला होता. गाडी ढकलायला मी, कारण कुठली वायर कुठे आहे ते मलाच माहीत. तिसरी लावली. लेकी नाचू लागल्या, पुढची जागा मोकळी ठेवून.

अक्का बसूनच होती. मग तिने पाय खाली सोडले. ओट्याच्या फरशीवर टेकवले. उठली, गाडीजवळ आली, पण नाचली नाही. रांजणाच्या पोटावर तळहात ठेवून उभी राहिली, डॉक्टर ठेवतात तसा. सगळ्या तिच्याकडे बघत होत्या, मी ढकलायचं विसरलो. मग तिने दोन्ही कानांतली मशीनं काढली, दाजींच्या हातात दिली. दाजींनी ती शर्टच्या वरच्या खिशात ठेवून खिशाचं बटण लावलं.

“ढकल,” अक्का मला म्हणाली.

एक हात रांजणावर आणि एक हात हवेत, अशी ती नाचत निघाली. त्यामुळे गाडी तिच्या पावलाने ढकलावी लागत होती. ती वळली की मी वळायचं, ती थांबली की मी थांबायचं. नाल्याच्या पुलावर खड्डा लागला, स्पीकर चुंबळीवरून सरकला आणि रांजण हूं म्हणायचा तो खडखडायला लागला. अक्का थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं, कॅसेटची पट्टी अडकल्यावर पाहायची तसं. मी चुंबळ नीट केली, स्पीकर बसवला. तिने तळहात ठेवून पाहिलं, आणि निघाली. मी स्पीकरच्या मागे असल्यामुळे मला सगळ्यात जास्त ऐकू येत होती ती लोटगाडीच्या चाकाची कुरकुर.

नदीवरून परत आल्यावर घरात रोटांची पंगत बसली. भाऊबंद आत. अक्काचं ताट बाहेर ओट्यावर, वेगळं केलेलं. या वेळी ती जेवायला थांबली होती. मी माझं ताट उचलून दारापर्यंत आलो, कारण मला एक गोष्ट विचारायची होती. तिने कानात मशीन घातलेलं होतं, म्हणजे ऐकू जाणार होतं.

“अक्का, पिपानी कशी व्हयनी?”

“कोनती पिपानी?”

“वर वाजी ऱ्हायनी ती. मी केलेली.”

“पिपानी बी व्हती का?” अक्का म्हणाली. मग माझं तोंड बघून, “चांगलीच व्हई. तू केली ना?” असं म्हणून तिने भाजी कालवली.

आतून बायकोचा हसण्याचा आवाज आला. उंच आवाज असल्यामुळे तो अक्काला ऐकू गेला नसावा.

दुपारी निघताना अक्का गाडीत बसली, काच खाली केली आणि चुलतभावाला जवळ बोलावलं. तो रांजण लोटगाडीवरून उतरवून आत न्यायच्या तयारीत होता.

“रांजनमा आते सरकी भरू नका,” ती म्हणाली. “धुईसन उपडा ठेवा.”

तो माझ्याकडे बघू लागला. मी काही बोलायच्या आत ड्रायव्हरशेजारी बसलेल्या दाजींनी खिडकीतून हात काढून गाडीच्या दारावर बाहेरून दोनदा थाप मारली, आणि गाडी निघाली.